चूल वाचणाऱ्या बाईंस

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय ५७. घरी आमसुलं, आगळ, फणसपोळी करून विकते. यजमान एस.टी.तून निवृत्त झालेत. मुलगा पुण्याला असतो, तो इंग्रजी कादंबऱ्या पाठवतो. डिक्शनरी मांडीवर घेऊन सुरुवात केली होती, आता बऱ्यापैकी जमतं. कोरिया, ओमान असं कुठलं कुठलं वाचलं. वाचताना जे मनात येईल ते एका दोनशेपानी वहीत लिहिते. काही पानांची झेरॉक्स सोबत पाठवली आहे. गेल्या महिन्यात वाचनालयाच्या कट्ट्यावर 'पाचिंको' या कादंबरीबद्दलची पानं वाचून दाखवली. त्यातला पांढऱ्या तांदळाचा प्रसंग वाचून सासूबाई आठवल्या आणि मी रडले, असं त्यात होतं. कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक येतात. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कोरिया वाचत नाही, तुम्ही तुमची चूलच वाचताय. ही कादंबरी जपानी साम्राज्यवादाबद्दल आहे." सगळे हसले. मग 'द व्हेजिटेरियन' वाचली. ती मुळीच आवडली नाही. पण तिला मोठाली बक्षिसं मिळालीत, म्हणून कुठे बोलले नाही. माझं वाचणं चुकतंय का? इंग्रजीतून वाचते, ते खरं वाचन होतं का? पुढे काय वाचू? वही बंद करू का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्राच्या कोपऱ्यावर जांभळट डाग पडलाय. कोकमाचाच असणार. हात पुसता पुसता लिहायला बसलात हे त्यावरूनच कळलं.

आधी उत्तर देऊन टाकते. वही बंद करायची नाही. सर मात्र अगदीच चुकलेले नाहीत, आणि हे ऐकून तुम्ही थोड्या नाराज व्हाल तर व्हा. हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. कट्ट्यावर हसणाऱ्या निम्म्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं, हे मी असे बरेच कट्टे बसून पाहिलंय.

तो तांदळाचा प्रसंग इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 'पाचिंको' ही मिन जिन ली या कोरियन-अमेरिकन लेखिकेची कादंबरी, २०१७ साली आलेली. बुसानजवळच्या येओंगदो बेटावर यांगजिन नावाची विधवा बाई भाड्याने खोल्या देऊन जेवणखाण पुरवते. राहणारे बहुतेक मासेमारीवर जाणारे पुरुष. तिच्या मुलीला, सुंजाला, दिवस गेलेत आणि तो माणूस निघाला बायकामुलांचा. अशा वेळी एक आजारी पण भला पाद्री सुंजाशी लग्न करायला तयार होतो. दोघं ओसाकाला जायला निघणार असतात. त्याआधी मुलीच्या पोटात एकदा पांढरा भात जावा म्हणून यांगजिन तांदळाच्या दुकानात जाते. दुकानदाराकडे तांदूळ आहे, पण तो जपानी गिऱ्हाइकांसाठी राखलेला. ती दोन माणसांपुरताच मागते. प्रसंग इतकाच, दोन-तीन पानांत संपतो.

आता तुमची वही. तुम्ही लिहिलंय, "सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी खाचरात भात पिकायचा, पण रोज ताटात नाचणीची भाकरी नाहीतर वरी. भात सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. पाहुण्याचं झालं की पातेल्याच्या तळाची करपलेली खरपुडी पोरांत वाटून मिळायची. हे वाचून मला रडू आलं." आणि तिथेच पान संपलंय.

तुमची चूक इथे आहे. रडलात यात काही वावगं नाही, मीही त्या पानावर पुस्तक पालथं ठेवून उठले होते. पण तुम्ही एक प्रश्न विचारायचा राहून गेलात. भात घरच्याच खाचरात पिकत होता, तर मग ताटात का येत नव्हता?

सासूबाईंना विचारा. माझा अंदाज असा, की त्या खोताचं नाव सांगतील. खोती म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण तुमच्या मुलाला कदाचित सांगावं लागेल: सरकारसाठी गावचा शेतसारा गोळा करणारा वतनदार तो खोत, आणि जमीन कसणारा तो कूळ. कुळाने भातशेतीतलं अर्धं पीक खोताला घालायचं, त्याला अर्धेल म्हणत. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत जी नाचणी-वरी पिके तिचा तिसरा हिस्सा, तो तिर्धेल. भाताचं निम्मं खळ्यावरूनच गेलं. उरलेल्यातलं काही मीठमिरचीच्या उधारीला, काही कापडचोपडाला विकलं. मग घरात शिल्लक काय राहणार? नाचणी. सासूबाईंच्या ताटातली भाकरी ही काही कोकणी माणसाची आवड नव्हती (आता शहरात तिला पौष्टिक म्हणून चौपट भाव आलाय, ते सोडा). तांदूळ खोताच्या कणगीत होता म्हणून ताटात भाकरी होती.

आणि येओंगदोच्या तांदळाचं काय झालं होतं? जपानने १९१० साली कोरिया गिळला. १९१८ साली जपानमध्येच तांदूळ महागला म्हणून दंगली झाल्या. त्यानंतर १९२० पासून कोरियात तांदळाचं पीक वाढवायची सरकारी योजना आली. पीक वाढलंही, पण बोटीत चढून जपानला जाणारा तांदूळ त्याहून वाढला, आणि पिकवणाऱ्यांच्या वाट्याला बाजरीसारखी भरड धान्यं नि बार्ली आली. यांगजिन त्या दुकानात उभी असते तेव्हा हे सगळं त्या मापात असतं. सर ज्याला साम्राज्यवाद म्हणतात तो त्या पानावर कुठल्या गव्हर्नरच्या रूपात येत नाही. तो आखडत्या हाताने भरलेल्या तांदळाच्या मापात येतो. म्हणून म्हणते, तुम्ही चूल वाचत होतात हे सरांचं बरोबर आहे, फक्त चूल वाचणं म्हणजे इतिहास न वाचणं असं त्यांनी धरून चाललं. आणि तुम्हीही ते निमूट मान्य करून घरी आलात.

एक गोष्ट मात्र सासूबाईंशी जुळत नाही, ती तुमच्या नजरेतून सुटलीय. तो दुकानदार परका नाही, कोरियनच आहे. यांगजिनला ओळखतो. तांदूळ द्यायचं त्याच्या मनात आहे आणि भीतीही आहे. शेवटी तो देतो. तुमच्या सासूबाईंच्या माहेरी खोत आणि कूळ यांच्यामध्ये असा कोणी माणूस होता का, ज्याने एखाद्या वर्षी मापात हात सैल सोडला? आणि पुढचंही वेगळं आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं, पण झाला. खाचरं कुळांच्या नावावर झाली, तुमच्या सासरचीही झाली असतील. यांगजिनच्या देशातून जपान १९४५ साली गेला आणि पाठोपाठ देशाचेच दोन तुकडे झाले. अश्रू सारखेच असले तरी पुढचा हिशेब वेगळा आहे.

तुमच्या वहीत 'अगदी आपल्यासारखं' हे शब्द मी मोजले. पाठवलेल्या अकरा पानांत नऊ वेळा. हे शब्द मलाही प्रिय आहेत, परक्या पुस्तकात शिरायला दुसरं दार असतंच कुठे? पण दारातच चटई टाकून बसलं तर घर बघायचं राहतं. 'अगदी आपल्यासारखं' लिहून झालं की पुढच्या ओळीत 'आणि इथून पुढे आपल्यासारखं नाही' असं लिहायची स्वतःला सक्ती करा. सुरुवातीला जड जाईल.

उदाहरणच देते. तुम्ही लिहिलंय, "सुंजाचं घर म्हणजे मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचं घर." बरंचसं आहेच. ओसाकातली कोरियन वस्ती, एका खोलीत दाटीवाटी, रस्त्यावर किमची विकणारी सुंजा. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायका डोळ्यांपुढे येतात. पण चाकरमानी गणपतीला गावी येतो. एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात, कोकण रेल्वेचं बुकिंग काही मिनिटांत भरतं, तुमच्या यजमानांनी त्या गर्दीत किती वर्षं ड्युटी केली असेल. सुंजाच्या माणसांना परत जायला गावच उरत नाही. आणि कादंबरीच्या शेवटाकडे तिचा नातू सॉलोमन, जन्म जपानमधला, बाप जपानमध्ये जन्मलेला, चौदाव्या वाढदिवशी सरकारी कचेरीत जातो आणि परका म्हणून नोंदणीसाठी बोटाचे ठसे देतो. मुंबईत जन्मलेल्या तुमच्या पुतण्याला चौदाव्या वर्षी कोणी 'तू इथला नाहीस' असं लिहिलेला कागद हातात दिला का? त्या बोटाच्या शाईपाशी तुमची तुलना थांबते. तिथे थांबून चार ओळी लिहा. बाकी त्या भागाबद्दल तुम्ही लिहिलेलं मला आवडलं, विशेषतः किमचीच्या बरणीबद्दलचं. खारवलेल्या कैऱ्यांच्या बरणीला हात लावायच्या नियमांवर एवढं बारीक मी कुठे वाचलेलं नाही.

आता न आवडलेल्या पुस्तकाकडे, 'द व्हेजिटेरियन'कडे वळते. तुमच्या वहीतलं सगळ्यात चांगलं वाक्य याच पुस्तकावरच्या पानात आहे आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. तुम्ही म्हणता, "आमच्याकडे बायका श्रावण पाळतात, सोमवार-गुरुवार पाळतात, कोणी माळ घालतं. मासे-मटण सोडलं म्हणून घरात एवढं रामायण कशाला? मला काही पटलं नाही."

हान कांग यांची ही कादंबरी कोरियन भाषेत २००७ साली आली, इंग्रजी अनुवादाला २०१६ साली इंटरनॅशनल बुकर मिळालं, आणि २०२४ साली लेखिकेला नोबेल. योंग-हे नावाची, नवऱ्याच्या मते अगदी सामान्य बाई. एका पहाटे ती फ्रीजसमोर उभी दिसते आणि मग घरातलं सगळं मांस बाहेर काढून टाकते. कारण विचारलं तर म्हणते, स्वप्न पडलं. बस, एवढंच. पुढे बहिणीच्या घरी सगळे जेवायला जमतात. तिथे बाप तिच्या तोंडात मारतो, तिला धरून ठेवायला लावून मांसाचा तुकडा तोंडात कोंबतो, आणि ती चाकू घेऊन स्वतःचं मनगट कापते.

आपल्याकडे हे पटत नाही याचं कारण तुम्हीच सांगितलंय. आपल्याकडे 'नको'ला आधार असतो. एखादीने माळ घातली की घर आपसूक सरकून तिला जागा करून देतं. तिची भांडी वेगळी ठेवली जातात, सुरमईचा तवा तिच्या भाजीला लागणार नाही हे सासूसुद्धा बघते. शेजारीण म्हणते, नशीबवान गं, पांडुरंगाने बोलावलं. त्या 'नको'च्या पाठीशी पंढरपूर उभं असतं. आता एक करून बघा, खरोखर नको, मनातल्या मनातच. ऑगस्ट लागलाय, बंदी उठून बोटी समुद्रात गेल्यात, दोन महिन्यांनी घरात ताजं मासळं आलंय. श्रावण नाही, गुरुवार नाही, माळ नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणता, "मला नको. आणि उद्यापासून मी शिजवणारही नाही." यजमान विचारतात, का? तुम्ही म्हणता, स्वप्न पडलं.

काय होईल घरात? पहिल्या दिवशी थट्टा. दुसऱ्या दिवशी बरं वाटत नाही का म्हणून चौकशी. चौथ्या दिवशी पुण्याला फोन. आठव्या दिवशी कोणीतरी बाहेरचं काही झालंय का बघायला सुचवेल, नारळ उतरवून होईल. मारहाण होणार नाही, तुमचं घर तसं नाही हे पत्रावरून कळतंच. पण 'मला नको म्हणून नको' हे उत्तर किती दिवस चालू दिलं जाईल, ते मोजून बघा. मग कादंबरी आवडली नाही तरी चालेल. ती का आवडली नाही हे मात्र तुम्हाला नेमकं सांगता येईल, आणि त्या कट्ट्यावर ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. सरांनाही नाही, कारण माळकरी बाईचा टोप वेगळा ठेवायचं काम बहुधा त्यांच्या वाट्याला आलेलं नाही.

आणखी एक बघा. पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला नवरा सांगतो, दुसरा बहिणीच्या नवऱ्याच्या नजरेतून, तिसरा बहिणीच्या. योंग-हेचा स्वतःचा भागच नाही, स्वप्नांचे तुकडे तेवढे तिचे. तुम्ही लिहिलंय, "ही बाई काही बोलतच नाही, वैताग आला." लेखिकेने तो मुद्दाम आणलाय. वैताग तसाच ठेवा, पण त्याची नोंद करा. आणि मलाही सगळं आवडलंय असं समजू नका. मधला भाग, त्या चित्रकाराचा कॅमेरा तिच्या अंगावरून फिरत राहतो तो, मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला गुदमरायला झालं. लेखिकेला हेच हवं होतं असं जाणकार म्हणतात. असेल. मला तो नको होता. बक्षीस हे परीक्षकांचं मत असतं. ते कोणाला मिळालं म्हणून आपलं मत गिळायचं नसतं, आणि बक्षीस मिळालं म्हणूनच नाक मुरडायचं हाही आपल्याकडचा जुना रोग, तोही टाळा.

इंग्रजीतून वाचते म्हणून खरं वाचन होत नाही असं तुम्हाला वाटतं. 'पाचिंको' मुळातच इंग्रजीत लिहिलेली आहे, तेव्हा तिथे हा प्रश्नच नाही. 'द व्हेजिटेरियन'च्या अनुवादावर मात्र कोरियात बराच वाद झाला, चुका काढल्या गेल्या. पण तुम्हाला एक फायदा आहे जो इंग्लंडच्या वाचकाला नाही. इंग्रजीत तो मधल्या भागातला माणूस नुसता 'ब्रदर-इन-लॉ'. आता हा दीर, मेव्हणा की साडू? तुम्ही चटकन सांगाल की नवऱ्याचा तो साडू आणि योंग-हेचे भावोजी. कोरियन भाषेतही अशा नात्यांना वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीने जे सपाट केलं ते मराठीत मनातल्या मनात परत उभं करता येतं. एका भागात नुसती नाती मराठीत लिहून काढा, समासात, पेन्सिलीने. भावोजींनी मेव्हणीकडे असं बघावं यातला ओशाळवाणेपणा 'ब्रदर-इन-लॉ'त अर्धा उडून जातो.

ओमानच्या पुस्तकावरचं तुमचं पान मी माझ्या बहिणीला फोनवरून वाचून दाखवलं. तिचा नवरा आखातात होता. तुम्ही लिहिलंय, "भाऊ चौदा वर्षं मस्कतला होता. सुट्टीवर आला की खजूर, टॉर्च, ब्लँकेट आणायचा आणि ओव्हरटाइम, कॅम्प, उकाडा याबद्दल बोलायचा. ओमानी माणसाच्या घरात त्याने पाऊल ठेवलं नसावं. मी ते घर या पुस्तकात पहिल्यांदा आतून बघितलं." जोखा अल्-हार्थी यांच्या 'सेलेस्टियल बॉडीज'बद्दल यापेक्षा चांगली सुरुवात कोणी करू शकेल असं मला वाटत नाही. २०१९ साली इंटरनॅशनल बुकर मिळवणारं हे अरबीतलं पहिलं पुस्तक. तीन बहिणी, त्यातली थोरली माया शिवणाच्या यंत्रावर मान खाली घालून बसलेली, आणि पुढे मुलीचं नाव चक्क लंडन ठेवणारी. तुम्ही मायाच्या यंत्रावर चार पानं लिहिलीत. पायपट्टीचा आवाज, आईकडचं यंत्र हुंड्यात आलेलं, सगळं छान.

जरीफावर मात्र एक ओळ नाही.

जरीफा ही मायाच्या सासरच्या घरातली गुलाम बाई. मायाच्या नवऱ्याला, अब्दल्लाला, तिनेच वाढवलं. व्यापारी मालकाशी तिचं जे नातं आहे त्याला चांगलं नाव नाही. ओमानात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९७० साली. तुमचा-माझा जन्म त्याआधीचा. आणि हे सगळं फार लांबचं आहे असंही नाही. समुद्र एकच आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं याच पाण्यातून आली, काही विकली जाऊन, काही शिपाईगिरी करत, आणि आपल्या मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत होतं. शाळेच्या सहलीत आपण तिथे तोफा बघतो आणि शहाळं पिऊन परत येतो.

तुम्हाला हे टोचून बोलत नाही, कारण माझ्याही वहीत असं एक पान आहे. चिमामांडा एन्गोझी अदिची यांची 'हाफ ऑफ अ यलो सन' (२००६) मी वाचत होते, नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धावरची, १९६७ ते १९७० या काळातली. त्यात उग्वू नावाचा खेड्यातला मुलगा प्राध्यापकाच्या घरी कामाला येतो. पहिल्याच दिवशी एवढी कोंबडी बघून तुकडे खिशात भरतो. मी त्याच्या इतकी प्रेमात, की माझ्या वहीत उग्वूवर सहा पानं. आमच्याकडे कामाला होता त्या पोराची आठवण, तो भाकरी कशी लपवायचा ते, सगळं. मग पुढे युद्धात उग्वूला जबरदस्तीने सैन्यात ओढतात, आणि एका दारूच्या दुकानात एका मुलीवर सैनिक अत्याचार करतात, त्यात तोही असतो. त्या दिवशी माझ्या वहीत नुसती तारीख आहे. खाली कोरं. तीन वर्षांनी वही चाळताना ते कोरं पान दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली. सहा पानं ज्याच्यावर लिहिली तो पोरगा माझ्या आठवणीतलाच होता. पुस्तकातला उग्वू समोर आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं.

तेव्हा महिन्यातून एकदा वही उलटीकडून वाचा. कोणावर लिहिलं नाही ते शोधा. जरीफापासून सुरुवात करा.

सरांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही पण तुमच्या मनात आहे. पुढच्या कट्ट्याला तेच तांदळाचं पान परत घेऊन जा. आधी सासूबाईंचं वाक्य, मग अर्धेल, मग यांगजिनचा दुकानदार. रडले हे वाक्य खोडू नका, फक्त शेवटी आहे ते उचलून सुरुवातीला आणा. दहा मिनिटांत वाचून होईल इतकंच लिहा, चहा यायच्या आत. आणि वाचून झालं की सरांनाच विचारा, जपानने तांदूळ नेला त्यावर मराठीत वाचायला काही मिळेल का? अशा माणसांना काहीतरी विचारलेलं फार आवडतं. शिवाय त्यांना खरंच ठाऊक असेल. तुमच्या गटात साम्राज्यवाद हा शब्द उच्चारणारा एक माणूस आहे ही चैन आहे. आमच्याकडच्या कट्ट्यावर निम्मा वेळ अल्पोपाहारावर जातो.

पुढे काय वाचू म्हणालात. दोनच सुचवते. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (२०१८) मुलाला इंग्रजीत पाठवू नको म्हणावं, मूळ हिंदीच मागवा. लिपी आपलीच आहे, आणि घराकडे पाठ करून भिंतीशी पडून राहिलेली ऐंशीची म्हातारी तुम्हाला योंग-हेची थोरली बहीण वाटेल, निदान पहिली शंभर पानं. नंतर ती उठून कुठच्या कुठे जाते. दुसरी अब्दुलरझाक गुर्ना यांची 'बाय द सी' (२००१). झांझिबारचा म्हातारा इंग्लंडच्या विमानतळावर उतरतो, सामानात उदाची पेटी, आणि इंग्रजी येत असून येत नाही असं दाखवतो. त्यात वाऱ्याच्या मोसमाबरोबर येणारी-जाणारी गलबतं आहेत. ईशान्येचा वारा धरून उतरायचं, नैर्ऋत्येचा धरून परतायचं. हे तुम्हाला डिक्शनरी न उघडता कळेल. धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत बसून वाचलंत तर उत्तम, फक्त एका फेरीत चार पानांच्या वर होत नाही.

सासूबाईंना विचाराल तेव्हा एवढं नक्की विचारा, खोताचा माणूस खळ्यावर मोजायचा तो कशाने? पायलीने की आणखी कशाने, आणि माप सपाट करायचा की शीग ठेवायचा? उत्तर आलं की मला कळवा. वहीतल्या त्या पानाची झेरॉक्सही पाठवा, बरणीचं पान पाठवलंत तशी.

ता.क. आमसुलं दोन किलो हवीत, यंदाची, जास्त मीठ न घातलेली. भाव आणि पार्सलचा खर्च कळवा.